परसातली छपरी आणि मोटारीची खोली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला कोणता विषय घेणार, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी "छपरी" असे उत्तर दिले. त्या हसल्या. त्यांना वाटले, मी थट्टा करते आहे. या व्यासपीठावर आजवर आहारावर बोलणे झाले, बालसंगोपनावर झाले, संतवाङ्मयावर झाले. त्या मालिकेत टिनाची छपरी कुठे बसवायची, ही त्यांची अडचण मला कळते. पण आपण दुपारी सतरंजीवर बसतो तेव्हा खरोखर कशावर बोलतो, ते आठवून पाहा. कोणाच्या सांदवाडीत शेजारच्या टिनाचे पाणी पडते. कोणाच्या मुलाने मोटार घेतली आणि ती ठेवायला अंगणातला कडुनिंब तोडायचे घाटते आहे. कोणाच्या दारावर नोटीस चिकटली, आणि घरातल्या पुरुषमाणसांनी ती वाचून घडी करून फ्रिजवर ठेवून दिली. मग या विषयावर एकदा सरळ बसून बोलायला काय हरकत आहे?

मी वकील नाही आणि इंजिनियरही नाही. एका खासगी कचेरीत नकाशे काढण्याचे काम मी बरीच वर्षे केले. लोकांची घरे कागदावर कशी असतात आणि जमिनीवर कशी असतात, एवढे त्यामुळे मला चांगले ठाऊक आहे. या दोहोंत जे अंतर पडते ते बहुधा मागच्या बाजूला पडते. पुढचे घर नकाशाप्रमाणे उभे राहते. मागे मात्र आधी सरपणाची छपरी येते, मग तिला तीन भिंती येतात, मग दार येते, आणि एक दिवस तिथे कॉट टाकलेली दिसते.

आता आपल्या कामठीची गोष्ट इतर गावांहून थोडी निराळी आहे. १८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी वसवली आणि तिच्या आधाराने गाव वाढले. त्याची खूण अजून कायम आहे : एकाच गावात दोन दारे. बाजाराकडचा, वस्तीचा भाग नगरपरिषदेचा, आणि मॉल रोडच्या बाजूचा छावणी परिषदेचा. दोघांचे कायदे वेगळे. नगरपरिषदेच्या हद्दीत १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा, १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली, मुंबई आणि काही थोडे प्रदेश सोडून बाकी राज्याला लागू असलेली एकत्रित नियमावली चालते. छावणीत २००६ चा केंद्र सरकारचा छावणी कायदा चालतो. देशातल्या जुन्या छावण्यांत कित्येक बंगल्यांची जमीन सरकारची आणि वरची इमारत तेवढी धन्याची, अशी वाटणी असते; तिथे एक खिळा ठोकायचा तरी आधी जमीन कोणत्या अटीवर मिळालेली आहे ते पाहावे लागते. छावण्यांतले नागरी भाग वेगळे करून नगरपालिकांकडे द्यावेत अशी हालचाल २०२३ पासून सुरू झाली, आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये हिमाचलातली योलची छावणी मोडली गेली. त्यावरून आपल्याकडेही पुष्कळ अफवा उठल्या. पण अफवेवर पाया खणू नये. आज आपली आखीव पत्रिका ज्या हद्दीत आहे, त्याच कचेरीत विचारावे. आणि तिसरे दारही आहे. येरखेडा, रनाळा या बाजूंना ज्यांनी लेआउटमध्ये प्लॉट घेतले, त्यांना नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे नाव ऐकून माहीत असेलच. तेव्हा पहिला प्रश्न "किती फूट बांधू?" हा नसून "मी कोणाच्या हद्दीत आहे?" हा आहे. शेजारणीला मिळालेली परवानगी रस्त्याच्या पलीकडे लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न असा की, छपरी म्हणजे बांधकाम आहे का? आपल्याकडे सर्वमान्य समजूत आहे की विटा-सिमेंट लागले तरच बांधकाम. चार लोखंडी नळ्या रोवल्या, वर टिन टाकले, की ते "तात्पुरते" झाले. भगिनींनो, हा "तात्पुरते" शब्द फार फसवा आहे. कामठीत अशी तात्पुरती छपरे मी पाहिली आहेत की ज्यांच्याखाली सुनेचे डोहाळजेवण झाले, आणि त्याच छपराखाली त्या बाळाची मुंजही झाली.

कायदा साहित्य पाहत नाही. छावणीच्या कायद्यात इमारतीची व्याख्या वाचली तर तीत घराबरोबर बाहेरची खोली, तबेला, संडास, शेड आणि झोपडी ही सगळी नावे येतात. मग ती विटांची असोत, लाकडाची, मातीची की धातूची. तंबू आणि हलवता येणारा निवारा तेवढा वगळला आहे. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणून जो मोठा ग्रंथ १९७० साली प्रथम निघाला आणि २०१६ साली पुन्हा सुधारला गेला, त्यातही हाच अर्थ आहे : कशाचेही केलेले, कशासाठीही केलेले, माणसे राहोत वा न राहोत, ती इमारतच. लग्नाचा मांडव, शामियाना यांना त्यातून सूट आहे. पावसाळ्यापुरते गच्चीवर घातलेले आच्छादनही तात्पुरत्या परवानगीत बसते. पण पावसाळा संपला की ते उतरवायचे असते, आणि आपण नेमके तेवढेच विसरतो.

गंमत अशी की "तात्पुरते आहे हो" असे म्हणून आपण स्वतःचेच नुकसान करतो. १९६६ च्या कायद्यात विनापरवाना तात्पुरत्या कामासाठी निराळे कलम आहे; त्यात पंधरा दिवसांत ते काढून टाकण्याचा हुकूम देता येतो. म्हणजे ज्या शब्दाने आपण सुटू पाहतो, तोच शब्द आपल्याला लवकर अडकवतो.

यावर कोणी म्हणेल, माझी जागा, माझे पैसे, मी माझ्या परसात कोठा घालीन नाहीतर छपरी, सरकारला काय त्याचे? हा प्रश्न मला रास्त वाटतो आणि त्याचे उत्तर कचेरीत सहसा कोणी देत नाही. तिथे "नियम आहे" एवढेच सांगतात. म्हणून मी ते माझ्या समजुतीप्रमाणे देते.

घराभोवती जी मोकळी जागा सोडायला सांगतात, ती रिकामी दिसली तरी बिनकामाची नसते. कामठीचा मे महिना आपण सगळ्या जाणतो. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत आपला सगळा जीव कुलरवर असतो, आणि कुलरला बाहेरून मोकळी हवा मिळाली नाही तर तो नुसती ओल फेकतो. ज्या घराची मागची मोकळी जागा टिनाने झाकली गेली, त्या घरातला कुलर त्याच टिनाखालची तापलेली हवा आत ओढतो. वीजबिल वाढते, आणि दोष कुलरवाल्याला. पावसाळ्यात हीच जागा पाणी मुरवते. आपल्या विहिरींना पाणी पूर्वी कुठून येत होते? अंगणातूनच ना? आणि देव न करो, पण घरात सिलिंडरने पेट घेतला तर मागच्या बाजूने बाहेर पडायला आणि अग्निशामकाला नळी न्यायला हीच वाट असते. सांदवाडी दोन्ही बाजूंनी छपरांनी बुजली की घराला एकच तोंड उरते.

किती जागा सोडायची हे प्लॉटच्या आकारावर, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि घराच्या उंचीवर ठरते, म्हणून एकच आकडा मी इथे सांगत नाही. तुमच्या मंजूर नकाशावर तो लिहिलेला असतो. नकाशावर आतली जाड रेघ घराची आणि बाहेरची प्लॉटची. त्या दोहोंमध्ये जे आकडे दिसतील ते पाहा. मीटरमध्ये असतात. एक मीटर म्हणजे तीन फूट आणि वर साडेतीन इंचांना थोडे कमी, एवढे लक्षात ठेवले की झाले.

मोटारीच्या खोलीचे मात्र आकडे सांगता येतील. राष्ट्रीय संहितेने खासगी गॅरेजचे माप तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब असे धरले आहे, म्हणजे दहा फूट आणि वीस फुटांना जरा कमी. उंची किमान २.४ मीटर, आठ फुटांच्या आसपास. जोते सभोवतालच्या जमिनीपेक्षा पंधरा सेंटिमीटर उंच, म्हणजे सहा इंच, आणि पाणी निघून जाण्याची सोय. घराचे मुख्य जोते याच संहितेत पंचेचाळीस सेंटिमीटरचे आहे. हा फरक का? तर मोटार चढली पाहिजे आणि पाणी शिरता कामा नये, या दोहोंतली ती तडजोड आहे. गॅरेज रस्त्याच्या बाजूच्या इमारत-रेषेच्या पुढे येऊ नये, आणि घरात जाण्या-येण्याची वाट त्याने अडू नये, हेही ओघानेच आले. हल्ली दारासमोरच्या नालीवर फरशी टाकून, फाटकाच्या बाहेर लोखंडी जिना करून जी मोटार उभी करतात, ती जागा आपली नसून रस्त्याची असते. तिच्याविषयी मी काही बोलत नाही, कारण त्या दृश्याने माझा रक्तदाब वाढतो.

घराघरांत लहान मोटारी असतात त्या बहुधा चार मीटरच्या आतल्या. म्हणजे सहा मीटरच्या खोलीत मागे दोन मीटर उरले. त्या दोन मीटरांत काय जाते ते तुम्हांला सांगायला नको. गव्हाची कोठी, कुलरचे जुने खोके, सासूबाईंची पितळी भांडी, मुलांच्या सायकली. हे सगळे चालण्यासारखे आहे. चालण्यासारखे नाही ते पुढेच.

आमच्या आळीत एक बाई आहेत. नाव सांगत नाही, त्यांच्या परवानगीने गोष्ट तेवढी सांगते. यजमान वारले, निवृत्तिवेतन थोडे, मुलगी शिकत होती. मोटार विकून टाकली आणि रिकामे गॅरेज दोन विद्यार्थ्यांना भाड्याने दिले. शटर काढून तिथे दार बसवले, मागे न्हाणी आणि स्वयंपाकाच्या ओट्यापुरती टिनाची छपरी काढली. ती छपरी थेट कुंपणाच्या भिंतीला टेकली. त्या भाड्यावर मुलीची फी जात होती. दीड वर्षाने नोटीस आली. तक्रार शेजाऱ्यांची होती, आणि ती खोटी नव्हती : त्या टिनाचे पाणी त्यांच्या देवघराच्या भिंतीवर पडत होते.

त्या बाई नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा रडत नव्हत्या, रागावलेल्या होत्या. "गावात एवढ्या माड्या चढल्या, त्या कोणाला दिसत नाहीत, माझी टिनाची छपरीच दिसली," असे त्यांचे म्हणणे. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही, आजही वाटत नाही. पण रागाने मुदत वाढत नाही. नोटिशीत पहिल्याने मुदतच वाचायची असते. ती कधी महिन्याची असते, कधी पंधरा दिवसांची, आणि कायद्याने काही बाबतींत ती एका दिवसाचीही असू शकते. म्हणून कागद फ्रिजवर ठेवायचा नसतो.

आम्ही मोजपट्टी घेऊन बसलो. कायद्यात एक सोय आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. नोटिशीच्या मुदतीच्या आतच, झालेले काम राहू द्यावे म्हणून रीतसर परवानगीचा अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्या कामापुरती नोटीस थांबते. अर्थात जे नियमात बसू शकते तेच राहते. मूळ गॅरेज मंजूर नकाशात होते. मागची छपरी कोणत्याही हिशेबाने बसत नव्हती. गॅरेजची राहण्याची खोली करणे हा निराळाच प्रश्न होता, कारण १९६६ च्या कायद्यात इमारतीच्या वापरात लक्षणीय बदल करणे हेसुद्धा "विकास" या शब्दात येते. एक वीट न लावता केवळ कॉट टाकल्याने परवानगी लागू शकते, हे ऐकून त्या थक्क झाल्या.

पण त्यामागेही कारण आहे. राहण्याच्या खोलीची उंची संहितेप्रमाणे किमान २.७५ मीटर हवी आणि आपल्यासारख्या कोरड्या उष्ण हवामानात खिडक्या-झरोक्यांचे उघडे क्षेत्र जमिनीच्या एक-दशांश तरी हवे. तीन बाय सहाच्या खोलीला म्हणजे १.८ चौरस मीटर. गॅरेजला खिडकी कोण ठेवते? ती दोन मुले मे महिन्यात रात्री अंगणात झोपत, आणि डिसेंबरात शेगडी आत घेऊन दार लावून. शेगडीचे मी ऐकले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बंद खोलीत कोळसा धुमसला की जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेत जातो तो उठतच नाही. बंद गॅरेजात मोटार चालू ठेवली तरी तोच वायू. नोटीस आली नसती तर काय झाले असते याचा विचार मी करीत नाही.

शेवट असा झाला. मागची छपरी त्यांनी स्वतःच उतरवली. टिन आणि नळ्या विकून मजुरी निघाली. परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा करून घेतला, छत वाढवून दोन खिडक्या काढल्या, न्हाणी घराच्या आतल्या बाजूला घेतली, आणि राहण्याची खोली म्हणून ती मंजूर करून घेतली. शुल्क भरावे लागले, आणि ते त्यांना जड गेले. चार महिने भाडे बुडाले. मुलीच्या एका सत्राची फी मंडळातल्या काही जणींनी मिळून दिली, ती त्यांनी पुढे फेडली. शेजाऱ्यांशी बोलणे अजून पूर्वीसारखे नाही.

पाण्यावरून आठवले. आपल्या छपराचे पाणी दुसऱ्याच्या जागेत पडत असेल तर त्याचा एक जुना कायदा आहे, १८८२ चा सुविधाधिकाराचा. तो सुरुवातीला ज्या थोड्या प्रांतांना लागू झाला त्यांत आपला मध्यप्रांत होता, म्हणजे कामठीला तो पहिल्यापासून ओळखीचा. त्याप्रमाणे वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्काने पाणी सोडत आले, तर तसा हक्क निर्माण होऊ शकतो. उजेड आणि हवा यांचेही तसेच. म्हणून जुन्या कवेलूच्या घरांची पाखे शेजारच्या वाड्यात उतरलेली दिसतात आणि कोणी काही म्हणत नाही. पण तो हक्क जुन्या पाख्याचा. काल बसवलेल्या टिनाला तो मिळत नाही. टिनाला पन्हळ लावून पाणी आपल्याच नालीत घ्यायला काय खर्च येतो? कोर्टात एका तारखेला जाण्यापेक्षा कमीच.

आणखी दोन-तीन समजुती मला वारंवार भेटतात, त्या झटपट सांगून टाकते. "आम्ही त्या खोलीचा कर भरतो" ही एक. कर भरणे म्हणजे परवानगी नव्हे. कर जे उभे आहे त्यावर बसतो, ते योग्य उभे आहे की नाही हे तो सांगत नाही. विजेच्या मीटरचेही तेच. दुसरी, "अर्ज दिला, साठ दिवसांत उत्तर आले नाही, म्हणजे मंजूर." साठ दिवसांची तरतूद आहे खरी, पण तुमचा नकाशा नियमांप्रमाणे असेल तरच, नियमाबाहेरचे काम कचेरीच्या झोपेने नियमात येत नाही. नामंजुरी आली तर चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. तिसरी, "लहान प्लॉटला परवानगी लागतच नाही." २०२० च्या नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी पद्धत सोपी केली आहे, परवानाधारक माणसाच्या सहीचे नकाशे आणि शुल्क दाखल करून काम सुरू करता येते, पण दाखल तर करावे लागतेच, आणि सोडायची जागा सोडावीच लागते. घराच्या आतली दुरुस्ती, रंग, फरशी यांना मात्र परवानगी लागत नाही, तेवढ्यासाठी कोणी घाबरवले तर घाबरू नका.

ज्यांचे प्लॉटच गुंठेवारीतले आहेत, त्यांचा प्रश्न छपरीच्या आधीचा आहे. त्यासाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ साली त्याची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली. आधी प्लॉट नियमित, मग घर, मग छपरी, हाच क्रम. उलटा केला की तिन्हींचे पैसे जातात.

हे सगळे मी बायकांच्या सभेत का सांगते, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला परवा विचारले. त्याचे एक अगदी रोकडे कारण आहे. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात स्त्रीच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. त्यामुळे कितीतरी घरे आता आपल्या नावावर झाली आहेत. सूट आपल्या नावावर मिळाली तशी नोटीसही आपल्या नावावर येते, भगिनींनो. मागची छपरी दिराने घातली असेल, मुलाने घातली असेल. कागदावर मालकीण तुम्ही आहात आणि जबाब तुमचा घेतला जातो. मग ती छपरी घालण्याआधी तुमचा सल्ला घ्यायला नको का? मी तर म्हणते, घरात मिस्त्री येऊन टिनाचा भाव सांगायला लागला की चहा देतादेता आपण एवढेच विचारावे : "नकाशात हे कुठे दाखवले आहे?" मिस्त्री हसेल. हसू द्यावे. चहा मात्र पैसे ठरण्याआधी द्यावा.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना आपल्या परसाविषयी शंका असेल त्यांनी आखीव पत्रिका, मंजूर नकाशा आणि कराची पावती घेऊन यावे. नकाशा सापडत नसेल तर ज्या कचेरीने तो मंजूर केला तिथे नक्कल मागता येते. त्याचा अर्ज कसा लिहायचा ते तिथेच पाहू. येताना परसाची लांबी-रुंदी आणि कुंपणापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून आणावे, अंदाजाने सांगू नये. मोजपट्टी लोखंडी वापरावी. शिवणाची ताणते.